पट्टी वाकवण्याआधी लाकूड ओळखा

अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात भिंतीवर एक जहाज रंगवलेले आहे. तीन डोलकाठ्या, त्यांवर तीन उभट शिडे, मागच्या बाजूला वल्ह्यासारखी लांब सुकाणू आणि ओळीने ठेवलेले रांजण. आपल्यापैकी पुष्कळजण सहलीच्या निमित्ताने अजिंठ्याला जाऊन आलेले आहेत. पद्मपाणीच्या चित्रापुढे गर्दी होते आणि ती व्हायलाच हवी. पण या जहाजापुढे फारसे कोणी थांबत नाही.

हे जहाज पूर्णाच्या कथेतले आहे. पूर्ण हा सोपाऱ्याचा व्यापारी. पुढे तो भिक्खू झाला. त्याचा भाऊ चंदनाचे लाकूड आणण्यासाठी समुद्रापार गेला, तेथे वादळात सापडला आणि पूर्णाचे स्मरण केल्यामुळे वाचला, अशी ती कथा सांगितली जाते. त्यातील चमत्काराचा भाग बाबासाहेबांच्या अनुयायांनी खुशाल बाजूला ठेवावा. बुद्धीला पटेल असा भाग तरीही पुष्कळ उरतो. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. तेथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उत्खनन करून उजेडात आणला. त्या बंदरातून माणसे समुद्रावर जात होती, लाकूडफाटा आणत होती, आणि अजिंठ्याच्या चित्रकाराला जहाज कसे असते हे चांगले ठाऊक होते.

आता हेच चित्र भिंतीवरून उतरून पाण्यात गेले आहे. अजिंठ्याचे पाचव्या शतकातील चित्र समोर ठेवून भारतीय नौदलाने एक जहाज बांधून घेतले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये गोव्यात त्याचा कणा बसवला, २०२५ च्या फेब्रुवारीत ते पाण्यात सोडले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचले. नाव ‘कौंडिण्य’. हे नाव वाचताच आपल्या वाचकांना सारनाथ आठवेल आणि पंचवर्गीय भिक्खूंपैकी पहिले कौंडिण्य डोळ्यांपुढे येतील. पण नौदलाने हे नाव आग्नेय आशियात गेलेल्या, दंतकथांतून प्रसिद्ध असलेल्या दुसऱ्या एका कौंडिण्य नावाच्या दर्यावर्दीवरून ठेवले आहे. घोटाळा नको म्हणून येथे सांगून ठेवतो.

या जहाजाच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत. काथ्याच्या दोरीने त्या एकमेकींना शिवल्या आहेत आणि सांधे नारळाचा काथ्या, राळ व माशाचे तेल यांनी भरले आहेत. पण शिवण्याच्या आधीची एक पायरी आहे, आणि आमचा आजचा विषय तोच आहे. जहाजाचे अंग गोल असते आणि झाडाची फळी सरळ असते. सरळ फळी गोल अंगावर बसवायची कशी? ‘कौंडिण्य’च्या कारागिरांनी फळ्यांना वाफ देऊन त्या आकारात आणल्या.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही काही कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या विहारात दर रविवारी मुलांचा वर्ग घेतला. त्यात हेच जहाज लहान आकारात करायचे ठरले. खरे जहाज सुमारे १९.६ मीटर लांब आणि ६.५ मीटर रुंद. पन्नासास एक हे प्रमाण धरले की लांबी ३९ सेंटिमीटर आणि रुंदी १३ सेंटिमीटर येते. सातवी-आठवीच्या मुलांनी हा हिशेब फळ्यावर स्वतः केला. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा ज्यांना वर्षभर नकोसा वाटत होता, त्यांनीच पट्टी घेऊन एकमेकांच्या चुका काढल्या.

असे नमुने करण्याचे तयार संच बाजारात मिळतात. ते बहुतेक परदेशी असतात आणि त्यांची किंमत आपल्या घरांना परवडण्यासारखी नाही. त्यांची गरजही नाही. फर्निचरच्या कारखान्यात सागवानाच्या कापट्या जळणात जातात. देवदारी खोक्यांच्या फळ्या भाजीबाजारात आणि गोदामांबाहेर पडलेल्या असतात. ओळखीच्या सुताराकडून त्यांच्या दीड मिलिमीटर जाड व पाच-सहा मिलिमीटर रुंद पट्ट्या यंत्रावर कापून घेतल्या की काम भागते. प्लायचा तुकडा कापून आधी कणा करायचा. होडी बांधणारे त्याला पठाण म्हणतात. त्या कण्यात थोड्या थोड्या अंतरावर फासळ्या बसवायच्या आणि त्या सांगाड्यावर पट्ट्या चिकटवत जायचे. शिवलेल्या जुन्या जहाजांत हा क्रम उलटा असे. आधी फळ्यांचे कवच शिवायचे, फासळ्या मागाहून. मुलांच्या हाताला फासळ्या आधी असणेच बरे.

मधल्या भागात पट्टी मुकाट्याने बसते. खरा प्रश्न नाळेजवळ येतो. तेथे अंग एकदम आत वळते, आणि पहिल्याच रविवारी तेथे सात पट्ट्या मोडल्या. मोडण्याचा तो बारीक आवाज ऐकून मुले हसत होती, नंतर हसेनाशी झाली.

पट्टी का मोडते हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर माणूस नुसता जोर लावत बसतो. पट्टी वाकली की तिची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. लाकूड दाब पुष्कळ सोसते, ताण फार थोडा सोसते. म्हणून तडा नेहमी बाहेरच्या अंगाला जातो. लाकडात लांब धागे असतात आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारा लिग्निन नावाचा एक पदार्थ असतो. सिमेंट म्हणा हवे तर. ओलावा आणि उष्णता एकदम मिळाली की हे सिमेंट मऊ पडते, धागे एकमेकांवरून थोडे सरकू शकतात आणि पट्टी वळते. थंड होऊन सुकले की ते पुन्हा घट्ट होते, आणि पट्टी नव्या आकारात राहते.

यात पाण्यापेक्षा उष्णतेचे काम मोठे आहे. पुष्कळजण पट्ट्या रात्रभर गार पाण्यात भिजत घालतात आणि सकाळी त्या वाकत नाहीत म्हणून कुरकुर करतात. दीड मिलिमीटरच्या पट्टीला उकळते पाणी आणि वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. आम्ही चहाचा जुना थर्मास वापरला. त्यात उकळते पाणी ओतायचे, पट्ट्यांची वाकवायची टोके आत सोडायची, तोंडाशी फडके कोंबायचे. प्रेशर कुकरचा उद्योग कोणीही करू नये. वाफेने भाजलेले हात तव्याने भाजलेल्यापेक्षा वाईट असतात, हे आपल्या भगिनींना सांगायला नको.

मराठी माणसाने वाकवलेले लाकूड पाहिलेले नाही असे नाही. इराण्याच्या हॉटेलात आपण ज्या गोल पाठीच्या खुर्चीवर बसून चहा प्यालो, ती तशीच केलेली असते. मायकेल थोनेट या कारागिराने बीच नावाच्या लाकडाच्या दांड्याला वाफ देऊन अशा खुर्च्या केल्या. १८५९ सालची त्याची चौदा क्रमांकाची खुर्ची जगभर गेली. वाकवताना तो बाहेरच्या बाजूला लोखंडाची पट्टी घट्ट लावत असे. ताण लोखंडाने सोसायचा, लाकडाने फक्त दबायचे. केवढी साधी युक्ती! आमच्या वर्गातल्या एका मुलाने घड्याळाच्या पट्ट्याचा पातळ पत्रा लावून ती करून पाहिली, आणि नाळेची सर्वांत अवघड पट्टी त्याचीच आधी वळली.

दुसऱ्या रविवारी वर्गात एक वयस्क उपासक येऊन बसले. मुले त्यांना आजोबा म्हणतात. ते रोज सायंकाळी वंदनेला येतात, फारसे बोलत नाहीत. मुलांची मोडामोड पाहून ते उठले, पट्ट्यांचा गठ्ठा घेतला आणि एकेक पट्टी उजेडाकडे धरून दोन ढीग केले. एका ढिगातल्या पट्ट्यांवर लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जात होत्या. दुसऱ्या ढिगात रेषा तिरक्या जाऊन मध्येच काठावर संपत होत्या. “ही मोडणार,” ते म्हणाले. “जिथं रेघ बाहेर पडली, तिथंच मोडणार. उकळा किती उकळायचं ते.” मोडलेल्या सातही पट्ट्या मुलांनी शोधून आणल्या. पाच पट्ट्यांत तडा बरोबर तेथेच होता.

मग आम्ही त्यांना बोलते केले. १९७४ साली ते खाडीकाठच्या एका कारखान्यात बिगारी म्हणून लागले होते. तेथे मच्छीमारीच्या मोठ्या लाकडी होड्या बांधत. फळ्यांना वाफ देण्यासाठी लाकडाची लांबच लांब पेटी होती. एका टोकाला चुलीवर पाण्याचे पिंप आणि त्यातून पेटीत जाणारी नळी. पेटीची तोंडे गोणपाटाने बुजवलेली. एक इंच जाडीला एक तास, असा हिशेब. वेळ भरली की पेटी उघडायची, हाताला गोणपाट गुंडाळायचे, फळी खांद्यावर घ्यायची आणि पळायचे. कारण बाहेर काढल्यापासून थोड्या मिनिटांत ती पुन्हा कडक होते. “फळी खांद्यावर आली की मनात मोजायला लागायचो,” आजोबा म्हणाले. “शंभराच्या आत पहिला शिकंजा बसला पाहिजे. एकशेवीस झाले की मिस्त्री शिव्या घालायचा.”

फळी वाहून नेण्याचे काम त्यांच्याकडे, पण हत्यारांच्या पेटीला त्यांचा हात लागलेला चालत नसे. रंधा मागितला तर मिस्त्री म्हणे, तुझं काम उचलायचं. पाणीही वरून ओतले जाई. नऊ वर्षे त्यांनी तेथे काढली. फळी किती वेळ तापली की वाकेल, कोणती मोडेल, कोणत्या बाजूने बसवावी, हे सगळे त्यांना खांद्यावरच्या चटक्यांवरून आणि नुसत्या डोळ्यांनी पाहून कळले. पुढे ते शहरात आले, उधारीवर हत्यारे घेतली आणि फर्निचरचे काम करू लागले. पण होडीला त्यांनी स्वतःच्या हाताने एकही फळी बसवलेली नव्हती. विहारातल्या त्या एकोणचाळीस सेंटिमीटरच्या जहाजाला बसवली, तीच पहिली.

हे ऐकून आम्हाला मुंबईच्या गोदीची आठवण झाली. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे १८१७ सालचे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. वाडियांचे नाव इतिहासात आहे आणि ते असावेच. त्या फळ्या तापवणाऱ्यांची, खांद्यावरून पळवणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली? या बाबतीत ‘कौंडिण्य’ने थोडे बरे वळण घातले आहे. केरळच्या कारागिरांच्या तुकडीचे प्रमुख बाबू शंकरन यांचे नाव सरकारी पत्रकात छापून आले. बाकीच्यांची नावे शोधून काढण्याचे काम कोणीतरी करायला हवे.

वर्ग सुरू झाला तेव्हा सगळ्यांनाच तो पसंत होता असे नाही. आठवीतल्या एका मुलीच्या आईने आम्हाला रस्त्यात थांबवून विचारले, “भाऊ, माझ्या सासऱ्यांनी जन्मभर ओझी वाहिली, नवऱ्याने हातगाडी ओढली. पोरगी शिकून खुर्चीवर बसावी म्हणून मी चार घरची भांडी घासते. आणि तुम्ही तिच्या हातात करवत देता?” या प्रश्नाला हसून उत्तर देणे हा अपमान झाला असता. आमच्या समाजाने पेन हाती धरले ते सहज नाही. सक्तीची कामे टाकून देणे हा आपल्या चळवळीचा पाया आहे, आणि ती पुन्हा गळ्यात बांधून घ्यावीत असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

परंतु बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथात जो दोष दाखवला, तो काम हलके असण्याचा नव्हता. माणसाची आवड आणि कुवत न पाहता जन्मावरून त्याचे काम ठरवले जाते, आणि ते बदलण्याची मुभा त्याला नसते, हा तो दोष होता. हत्यार हाती घेण्याची सक्ती आणि हत्याराला हात लावण्याची बंदी, ही दोन्ही एकाच नाण्यावरची चित्रे आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. आजोबांच्या वाट्याला दुसरी आली. ज्या मुलीला प्रमाण मांडता येते, लिग्निन म्हणजे काय हे सांगता येते आणि रंधाही धरता येतो, ती उद्या जहाजबांधणीची इंजिनिअर झाली तर तिला कोणता मिस्त्री म्हणेल की तुझे काम उचलायचे? नौदलाने ‘कौंडिण्य’ बांधण्याआधी त्याचा लहान नमुना करून मद्रासच्या आयआयटीत, सागरी अभियांत्रिकी विभागात, पाण्यात तपासून घेतला होता. नमुने करणे म्हणजे खेळणी करणे नव्हे, हे त्या आईला आम्ही सांगितले. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे आम्हाला वाटले नाही. शिकवणी बुडणार नसेल तर पाठवते, एवढेच त्या म्हणाल्या. मुलगी शेवटपर्यंत आली.

ज्यांना घरी हे काम करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी आणखी काही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पट्टी गरम पाण्यातून काढली की ती थेट जहाजावर चिकटवू नये. ओले लाकूड रुंदीला फुगते आणि सुकल्यावर आक्रसते; मग दोन पट्ट्यांत फटी पडतात. आधी ती डब्याभोवती किंवा लाकडी ठोकळ्याच्या साच्याभोवती वळवायची, कपड्यांचे चिमटे लावायचे आणि रात्रभर सुकू द्यायची. सोडल्यावर ती थोडी उलगडतेच. म्हणून हवा असेल त्यापेक्षा साच्याचा बाक थोडा जास्त ठेवावा. बाळदुधाचा मोठा डबा आम्हाला ढिला पडला, आणि हिंगाची डबी फार घट्ट. बेकिंग पावडरचा डबा बरोबर जमला.

जाडीचाही एक हिशेब आहे, आणि हिशेब म्हटला की आम्हाला राहवत नाही. पट्टीची जाडी निम्मी केली की तिचा ताठरपणा निम्मा होत नाही, आठवा हिस्सा होतो. त्यामुळे नाळेचे वळण फारच अरुंद असेल तर त्या टोकापुरती पट्टी आतल्या बाजूने पॉलिश पेपरने घासून पातळ करावी. किंवा पाऊण मिलिमीटरच्या दोन पट्ट्या एकावर एक चिकटवाव्यात. बांबूचे तंत्र निराळे. पतंगाची कामटी करणाऱ्यांना माहीत आहे की बांबू मेणबत्तीच्या आचेवर धरून हळूहळू वळवता येतो. लहान मुलांनी ते मोठ्यांच्या देखतच करावे.

आणखी एक अडचण अशी की पट्टी सपाट बाजूने वळते, पण काठाच्या बाजूने वळायला मुळीच तयार नसते. जहाजाचे अंग मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळते असते. पंधरा सारख्या रुंदीच्या पट्ट्या मध्ये मावल्या म्हणून नाळेशी मावतील असे नाही. तेथे त्या एकमेकींवर चढू लागतात. अशा वेळी जोर करू नये. प्रत्येक पट्टी टोकाकडे रंध्याने निमुळती करावी, मात्र मूळ रुंदीच्या निम्म्याहून कमी नको. मागच्या बाजूला उलट होते, पट्ट्या अपुऱ्या पडतात आणि त्रिकोणी फट राहते. तेथे पाचरीसारखा तुकडा बसवावा. पट्ट्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशा आळीपाळीने लावाव्यात. एकच बाजू आधी पुरी केली तर कणा तिकडे ओढला जातो आणि जहाज जन्मभर वाकडे चालते.

शेवटची पट्टी ही सर्वांत त्रासाची. राहिलेल्या फटीवर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासावी म्हणजे फटीचा आकार कागदावर उमटतो, आणि त्यावरून पट्टी कापावी. आजोबांनी कागद घेतला नाही. त्यांनी फटीवरून बोट फिरवले, पट्टी कापली, आणि ती बसली.

आमचा खर्च वाचकांनी विचारल्यास असा: फेव्हिकॉल, पॉलिश पेपर, टाचण्या, प्लायचा तुकडा आणि सुताराची कापणी मिळून सहाशे रुपयांच्या आत. चिमटे, डबे आणि थर्मास घरोघरचे. सात रविवार लागले. डाव्या बाजूच्या दोन पट्ट्या अजून थोड्या वर उठलेल्या दिसतात. मुलांनी त्यांवर लांबी भरायचे ठरवले होते. त्या तशाच राहू द्याव्यात असे आम्ही सुचवले. जहाज सध्या विहाराच्या ग्रंथालयात कपाटावर ठेवले आहे. शिडे लावायची राहिली आहेत, कारण चित्रातली शिडे नेमकी किती उंच धरावीत यावर आठवीच्या मुलींत अजून वाद चालू आहे.